पतंगाची बाजू

श्रावणात आमच्याकडे एकनाथी भागवताची पोथी लागते. घर सातिवलीला, तुंगारेश्वराच्या पायथ्याशी. ओटीवर रात्रभर बल्ब जळतो. परवा आठवा अध्याय चालू होता. अवधूत यदुराजाला आपले गुरू सांगतोय आणि पतंगाची पाळी आली. रूपाला भुलून तो आगीत पडतो, तसाच माणूस.

त्याच रात्री बल्बशेजारच्या भिंतीवर ओंजळीएवढा पतंग येऊन बसला. आई म्हणाली, "हात लावू नको रे, नाग आहे." पंखांची टोकं खरंच फणा काढल्यासारखी. तांबूस पंखांवर चार त्रिकोणी खिडक्या, इतक्या पातळ की मागचा चुना दिसत होता. मिशा नेच्याच्या पानासारख्या पिसारलेल्या, म्हणजे नर.

हा अॅटलास पतंग. त्याला खाता येईल असं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठ-दहा दिवस काढायचे, मादीच्या गंधामागे रात्री उडायचं आणि मरायचं. आईची एकादशी द्वादशीला सुटते. याच्या उपासाला पारणंच नाही.

मग याला मोहाचा दाखला कसा करायचा? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 2024 साली वेगवान कॅमेऱ्यांनी टिपून दाखवलं, की दिव्याभोवती घिरट्या घालणारे बहुतेक किडे दिव्याकडे पाठ करत असतात. रात्रीही आकाश जमिनीहून उजळ. उजेडाकडे पाठ ठेवली की तोल राहतो. युगानुयुगं हे खरं होतं. आम्ही ओटीवर बल्ब टांगला आणि त्याचं वर-खालीच हरवलं.

नाथांवरची माझी श्रद्धा तसूभर हललेली नाही. पण ज्याला दुसरी वाटच नव्हती, त्याच्या मरणाचा दोष कुणाच्या खाती? माझ्या मते दिवा लावणाऱ्याच्या. निवड करता येते त्यालाच मोह होतो. पतंगाकडून शिकायचं असेल तर आधी त्याच्यावरचा आरोप मागे घ्यायला हवा.

मी बल्ब मालवला. पहाटे भिंत रिकामी होती.

तुंगारेश्वरला 2003 साली अभयारण्य जाहीर झालं. आज त्याच्या काठाने आपल्या सगळ्यांच्या ओट्या, गच्च्या, देवळांचे कळस रात्रभर उजळलेले असतात. हात जोडून सांगतो, शेजारती झाली की बाहेरचा दिवा बंद करा.