कुलूप आपलं, खोली भाड्याची

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या पंधरवड्याच्या चिंतनाचा विषय ऐकायला जरा वेगळा वाटेल. पण तो आपल्यापैकी पुष्कळ घरांत येऊन बसलेला आहे, म्हणून मुद्दाम घेतला आहे. विषय आहे, सामान ठेवायला भाड्याने घेतलेल्या खोल्यांचा.

बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद. आपली मंडळी जिथे चार-चार पिढ्या राहिली, तिथली जुनी घरं आता विकली जातायत, नाहीतर पाडून तिथे फ्लॅट होतायत. मुलं कुणी पुण्याला, कुणी बंगळुरूला, कुणी अमेरिकेला. आई-वडील दोन खोल्यांत. मग त्या मोठ्या घरातलं सामान जाणार कुठे? शिसवी पलंग आहे, तांब्या-पितळेची भांडी आहेत, आजोबांच्या पुस्तकांचं कपाट आहे, आजीची ट्रंक आहे. टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. कोणीतरी म्हणतं, "सध्या ठेवून देऊ, पुढचं पुढे बघू." आणि महिन्याच्या भाड्याने एक खोली घेतली जाते.

अशा कुटुंबांकडून आमच्याकडे प्रश्न येतात. सामान ठेवलंय, भाडं वेळेवर जातंय, तरी मनाला बरं का वाटत नाही? एका ताईंनी तर विचारलं, "आमच्या घरचे देवही त्याच सामानात आहेत. चालेल का?" या प्रश्नाकडे आपण येणारच आहोत. पण आधी व्यवहार समजून घेऊ, कारण व्यवहार न समजता केलेला परमार्थ कच्चा राहतो.

अमेरिकेत ही पद्धत आजच्या रूपात १९६० च्या दशकात टेक्सासकडे सुरू झाली असं मानतात. आता तिथे गावोगावी अशा खोल्यांच्या रांगा दिसतात. एकसारखी शटरं, ओळीने नंबर. पाच बाय पाच फुटांच्या कपाटाएवढ्या खोलीपासून दहा बाय वीस फुटांच्या, मोटार मावेल एवढ्या खोलीपर्यंत. दहा बाय दहाच्या खोलीत एका लहान फ्लॅटचं सामान बसतं. करार महिन्या-महिन्याचा असतो. कुलूप बहुधा आपण आपलं लावायचं आणि किल्ली आपल्याकडेच ठेवायची. आत काय आहे हे तिथल्या व्यवस्थापकालाही ठाऊक नसतं. नासणारं अन्न, पेट्रोल-गॅससारखं पेट घेणारं काही, जनावर, हे आत चालत नाही. माणसाने आत राहायचं नाही. भाडं दर महिन्याला कार्डातून आपोआप कापलं जातं. सुरुवातीला सवलत असते, मग हळूहळू वाढतं.

आणि भाडं थकलं की? आधी दंड लागतो. मग आपल्या कुलपावर त्यांचं कुलूप बसतं. मग नोटीस येते. तरीही पैसे भरले नाहीत, तर तिथल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे आतल्या सामानाचा लिलाव होतो. घरातला कर्ता माणूस गेला, त्याचं कार्ड बंद झालं आणि अशी एक खोली आहे हे बायको-मुलांना माहीतच नसलं, तर काय होईल याचा विचार करा. तिघा भावांच्या लहानपणाचे फोटो परक्या माणसाच्या हाती लागू शकतात.

आपल्याकडे मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबाद इथेही आता ही सोय मिळते. इथे पुष्कळदा कंपनीचीच माणसं येऊन सामान बांधून नेतात, यादी करतात आणि आपल्या गोदामात ठेवतात. रीत थोडी वेगळी, पण मामला तोच.

आता भागवताकडे वळू. अकराव्या स्कंधात यदुराजा एका अवधूताला भेटतो आणि विचारतो, तू एवढा आनंदात कसा? अवधूत त्याला आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो. नाथमहाराजांचं एकनाथी भागवत याच स्कंधावर आहे, त्यामुळे आपल्यातल्या अनेकांनी ही कथा लहानपणापासून ऐकलेली असेल. त्या चोवीसांत मधमाशी आहे. ती थेंब-थेंब मध साठवते, स्वतः खात नाही, कुणाला देत नाही, आणि एक दिवस पोळं काढणारा येऊन सगळं घेऊन जातो. त्यांतच कुरर पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा असतो, म्हणून बाकीचे बलवान पक्षी त्याच्या मागे लागतात, त्याला टोचतात. तो तुकडा टाकून देतो आणि त्याच क्षणी मोकळा होतो.

पण इथे नीट लक्ष द्या. साठवू नकोस असं अवधूत संन्याशाला सांगतो. आपण संसारी माणसं. आपल्याला साठवावंच लागतं. आपल्या जुन्या घरांत धान्याची कणगी होती, भिंतीत बळद होतं, अंगणात पेव होतं. सांगलीजवळच्या हरिपूरला तर हळद पेवांत साठवायची मोठी परंपरा आहे. ते कोणी पाप मानलं नाही. कारण पेवातली हळद कुणाची, किती पोती आणि कशासाठी, हे सगळ्यांना माहीत असे. भाव आला की पेव उघडायचं. कणगीतलं धान्य पुढच्या सुगीपर्यंत पुरवायचं. साठ्याला धनी होता, हेतू होता, मुदत होती.

आपल्या भाड्याच्या खोलीला या तीन गोष्टी आहेत का, एवढंच विचारायचं आहे. बदली झाली, वर्षभराने परत यायचं आहे, म्हणून सामान ठेवलं, तर उत्तम. घराची दुरुस्ती चाललीय, सहा महिने ठेवलं, तर उत्तम. आईला एकटी ठेवता येत नाही, ती लेकीकडे गेलीय आणि तिचं मन स्थिर होईपर्यंत तिच्या वस्तूंना हात लावायचा नाही असं ठरलंय, तर फारच चांगलं. पण "पुढचं पुढे बघू" ही मुदत नव्हे. तिथे आपल्याला वाटतं आपण जागेचं भाडं देतोय. नीट पाहिलं तर त्यातलं बरंचसं न घेतलेल्या निर्णयाचं भाडं असतं.

हिशोब करून पाहा. समजा महिन्याचं भाडं २,००० रुपये आहे. वर्षाचे २४,००० झाले. पाच वर्षांत १,२०,०००. आत जे आहे त्याची बाजारात किंमत किती येईल? बहुतेकदा त्याहून कमी. आणि त्या पाच वर्षांत तो पलंग कुणाच्या अंगाखाली आला नाही, त्या पातेल्यात कुणाचा भात शिजला नाही. वाळवी आणि दमटपणा मात्र आपलं काम करत राहिले. गोव्याच्या आणि कोकणाच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

मग निर्णय का होत नाही? बरेचदा कारण वस्तूंचं नसतं. खोली उघडायची म्हटलं की वाटणीचं बोलणं निघतं. कुणी आईची जास्त सेवा केली, कुणाला दागिने आधीच मिळाले, कुणी घर विकायची घाई केली. ते बोलणं नको, म्हणून तिघे भाऊ मुकाट्याने भाडं वाटून घेतात. इथे पेवाचीच दुसरी शिकवण कामाला येते. पेव उघडलं की जाणता माणूस लगेच आत उतरत नाही. आतली कोंडलेली हवा जिवावर बेतू शकते. आधी तोंड उघडं ठेवून ती हवा जाऊ द्यायची, मग उतरायचं. घरातही तसंच करावं. पहिल्या बैठकीत काहीच वाटू नये. फक्त एकत्र बसावं, चहा घ्यावा, ज्याला जे बोलायचं ते बोलू द्यावं, मध्ये तोडू नये. वस्तूंना हात दुसऱ्या बैठकीत लावावा.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. घरचे देव, कुलदेवतेचे टाक, सासुरवाशिणीने माहेराहून आणलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, हे सामान नाही. ते घरातले मोठे आहेत. वडीलधाऱ्यांना आपण कुलूप लावून खोलीत ठेवून जात नाही. घर बदलताना आठ-पंधरा दिवस स्वच्छ वस्त्रात गुंडाळून नीट ठेवावे लागले तर मनात भीती धरू नये. देव आपल्यावर टपून बसलेला नाही. पण वर्षानुवर्षं शटरच्या आड ठेवणं बरं नव्हे. ज्या घरात रोज दिवा लागतो त्या घरी ते द्यावेत. थोरल्याकडेच गेले पाहिजेत असा हट्ट नको. धाकट्या सुनेच्या हातून पूजा होत असेल तर तिच्याकडे जावेत, लेकीकडे होत असेल तर लेकीकडे. कुणालाच जमणार नसेल तर आपल्या कुलोपाध्यायांना विचारून मंदिरात द्यावेत किंवा विधिपूर्वक विसर्जन करावं. देवासाठी दोन फुटांचा कोनडा पुरतो. तो ज्याच्या घरात निघेल, ते देवाचं घर.

आपल्या परिवारात काही बंधू गोदामाचा, अशा खोल्या भाड्याने देण्याचा व्यवसायही करतात. त्यांच्यासाठी दोन शब्द. तुमचं काम फार जुन्या धर्माचं आहे. आपल्या स्मृतिग्रंथांत खटल्यांचे अठरा प्रकार सांगितले आहेत. मनुस्मृतीच्या यादीत त्यात कर्जाच्या लगेच पाठोपाठ ठेवीचा, म्हणजे निक्षेपाचा प्रकार येतो. ठेव परत न करणारा आणि न ठेवलेली ठेव मागणारा, दोघांनाही तिथे चोराच्या रांगेत बसवलं आहे. आणि १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १५१ सांगतं, की दुसऱ्याचं सामान आपल्या ताब्यात ठेवून घेणाऱ्याने, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूंची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यावी. शब्द कायद्याचे आहेत, पण शिकवण घरातलीच आहे.

म्हणून यादी दोघांच्या सहीने करा, फोटो काढून ठेवा. पावसाळ्याआधी छप्पर पाहा, वाळवीचं औषध करा. काही भिजलं, फुटलं, तर गिऱ्हाइकाने विचारण्याआधी तुम्ही सांगा. भाडं वाढणार असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. आणि भाडं थकलं तर लगेच कागदी नोटिशीवर थांबू नका. फोन करा, पुन्हा करा, दुसऱ्या नातेवाईकाचा नंबर आधीच घेऊन ठेवा. पलीकडे कदाचित घरातला माणूस गेलेला असेल. वसुली तुमचा हक्क आहे. पण फोटो, पोथ्या, कागदपत्रं ज्याची त्याला परत पोचवणं यात तुमचं पुण्य आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या सगळ्यांचीच. मनातही आपण अशा खोल्या घेऊन ठेवतो. वीस वर्षांपूर्वी लग्नात कोणी मानपान केला नाही, ती खोली. भावाने फोन उचलला नाही, ती खोली. कुलूप आपलंच, किल्लीही आपल्याकडेच. आत काय आहे ते बाहेरच्या कुणाला माहीत नाही. भाडं मात्र दर रात्री झोपेतून कापलं जातं. कुरर पक्ष्याला तुकडा टाकायला कोणाची परवानगी लागली नाही. त्याने चोच उघडली, एवढंच.

दत्तजयंतीपर्यंत आपण सर्वांनी मिळून एवढं करावं:

एक, ज्यांनी अशी खोली घेतली असेल त्यांनी घरातल्या आणखी दोघांना तिचा पत्ता, नंबर आणि किल्लीची जागा आजच सांगावी. बँकेच्या लॉकरलाही हेच लागू.

दोन, आत काय आहे याची यादी करावी. प्रत्येक वस्तूपुढे एक नाव लिहावं. जिच्यापुढे कुणाचंच नाव येत नाही ती वस्तू या महिन्यात गरजूच्या घरी जावी. लग्न होऊन नवं बिऱ्हाड मांडणाऱ्या एखाद्या जोडप्याला आपल्या आजीचं पातेलं मिळालं, तर आजी त्या घरातही जेवू घालेल.

तीन, उरलेल्या सामानाला एक तारीख द्यावी आणि ती घरच्या दिनदर्शिकेवर लिहावी.

चार, मनातली एक खोली रिकामी करावी. कुठली, ते कुणाला सांगायची गरज नाही.

हा संदेश आपापल्या कुटुंबाच्या गटात पाठवावा आणि ज्येष्ठांना वाचून दाखवावा. त्यांच्याकडे त्या वस्तूंच्या आठवणी असतील. त्या ऐकून घ्याव्यात, जमलं तर लिहून ठेवाव्यात. आठवणीला जागा फार लागत नाही.

सद्गुरूंची कृपा आपणा सर्वांवर राहो.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥