वाळूखालचा थर

मार्च २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट पाहून बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात लोक रात्री बॅटऱ्या, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन मुघलांचे सोने हुडकायला शेते उकरू लागले, तेव्हा आपल्याकडची चर्चा त्यांच्या भोळेपणापाशी आणि हावेपाशी थांबली. २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या दौंडियाखेड्यात एका साधूच्या स्वप्नाचा गाजावाजा झाल्यावर खुद्द भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने कुदळ उचलली होती. तेव्हा गावकऱ्यांना हसण्याचा अधिकार फारसा कुणाला उरलेला नाही. पण कुठे खोदावे, किती खोल खोदावे आणि नियम नेमका कशाला लागू व्हावा, हे विचारायचे राहूनच गेले. या प्रश्नाची उकल करायला समुद्रकिनारा सर्वांत सोयीचा. तिथे पीक नाही, बांध नाही, शेतमालक नाही. आणि मेटल डिटेक्टर घेऊन किनारा धुंडाळण्याच्या छंदाचे नियम ब्रिटनइतके गुंतागुंतीचे क्वचितच कुठे असतील.

इंग्लंडच्या किनाऱ्यावर यंत्र घेऊन उतरणाऱ्याला आधी मालकीचा नकाशा समजून घ्यावा लागतो. भरती-ओहोटीच्या रेषांमधला सुमारे निम्मा पट्टा क्राउन इस्टेटच्या ताब्यात आहे आणि तिथे वेगळा परवाना लागत नाही. उरलेला पट्टा कुठे राजघराण्याच्या ‘डची’ नावाच्या जहागिरींचा, कुठे नगरपालिकेचा, कुठे नॅशनल ट्रस्टचा. त्यातल्या नॅशनल ट्रस्टच्या जमिनीवर साधारणतः मनाईच असते. भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू तर आणखी वेगळ्या मालकाची असू शकते. म्हणजे चार पावले इकडेतिकडे झाली की छंदाचा गुन्हा होतो. वस्तू सापडल्यावर दुसरी फेरी सुरू होते. ती कायद्याच्या व्याख्येतला ‘खजिना’ असेल तर १४ दिवसांत कॉरोनरला कळवायचे, बुडालेल्या जहाजावरची असेल तर २८ दिवसांत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याला. हे सगळे नियम दोनच गोष्टी विचारतात: जमीन कुणाची आणि वस्तू कुणाची. खोदण्याने नुकसान नेमके कशाचे होते, हे त्यातला एकही विचारत नाही.

किनारा सार्वजनिक, म्हणून सापडेल ते सापडणाऱ्याचे, हे मत फार वेळ घेण्याच्या लायकीचे नाही. २००७ मध्ये ‘एमएससी नापोली’ जहाजावरचे कंटेनर डेव्हनमधल्या ब्रॅन्सकमच्या किनाऱ्याला लागले आणि लोकांनी कोऱ्या मोटारसायकली दिवसाढवळ्या ढकलत नेल्या, तेव्हा त्या मताची पुरेशी शोभा झाली. दुसरे मत मनाईचे: आयर्लंडने १९८७ पासून पुरावस्तूंच्या शोधासाठी विनापरवाना यंत्र वापरण्यावर घातलेली बंदी प्रामाणिक आहे, पण ती हरवलेली अंगठी शोधणाऱ्यालाही संशयितांच्या रांगेत उभे करते.

खरी अडचण समंजस वाटणाऱ्या तिसऱ्या मताची आहे: जुने ते देशाचे, नवे ते सापडणाऱ्याचे. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात सर्वसाधारण मर्यादा १०० वर्षांची आहे. अमेरिकेच्या संघराज्यीय जमिनींसाठीच्या १९७९ च्या कायद्यातही १०० वर्षेच आहेत. इंग्लंडच्या १९९६ च्या कायद्यात मुख्यतः ३०० वर्षे आणि वर सोन्याचांदीच्या प्रमाणाची अट. आकडा असला की नियम निःपक्षपाती वाटतो, पोलिसालाही समजतो, वकिलालाही. पण वस्तूचे वय कळते कधी? ती मातीतून बाहेर काढून, धुऊन, जाणकाराला दाखवल्यावर. म्हणजे ज्या कृतीवर नियंत्रण हवे ती उरकल्यानंतर हा नियम जागा होतो. यंत्र वाजते तेव्हा खाली रोमन नाणे आहे की सोडा बाटलीचे झाकण, हे ऐकणाऱ्याला खात्रीने सांगता येत नाही. सराईत माणूस अंदाज बांधतो, इतकेच. मग वयाच्या नियमाने त्याला खोदण्यापूर्वी काय सांगितले? काहीच नाही.

याहून मोठा दोष पुढे आहे. समजा, गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी टाकलेले झाकण चार हजार वर्षांपूर्वीच्या दलदलीच्या काळ्या थरात रुतले आणि ते काढायला एकाने हातभर खड्डा केला. झाकण नवे, म्हणून वयाच्या कायद्याला तक्रार नाही. पण थर कापला गेला तो कायमचा. उलट लाटांनी शंभरदा उलटीपालटी केलेल्या वाळूतून कुणी एलिझाबेथकालीन पेनी उचलली, तर ती पेनी तिथे कशी आली याचा पुरावा समुद्रानेच आधी पुसून टाकलेला असतो. वयाकडे बघणारा नियम निरुपद्रवी उचलणीवर संशय घेतो आणि खऱ्या नासधुशीला मोकळे सोडतो. व्याख्या सुधारून हा दोष जात नाही. २०१० मध्ये कंब्रियातल्या क्रॉस्बी गॅरेटजवळ सापडलेले रोमन शिरस्त्राण तांबेमिश्रित धातूचे निघाले, म्हणून कायद्याच्या लेखी ते खजिना ठरले नाही आणि लिलावात २२ लाख पौंडांहून अधिक किमतीला खासगी हातात गेले. अशी पळवाट बुजवायला २०२३ मध्ये २०० वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या वस्तूंची नवी वर्गवारी आली. सुधारणा स्वागतार्ह खरी, पण तीही वस्तूभोवतीच घुटमळते. ज्या खड्ड्यातून वस्तू आली त्या खड्ड्याविषयी ती मौन पाळते.

म्हणून माझ्या मते फरक करायचा तो हललेली वाळू आणि जागचा थर यांच्यात. किनाऱ्यावरची वरची वाळू हा पत्त्यांचा पिसलेला कॅट आहे. त्यातून एखादे पान काढल्याने कुठलाही क्रम बिघडत नाही. तिच्याखाली चिकणमाती किंवा पीट (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर) लागले की क्रम सुरू होतो, आणि तिथे प्रत्येक वस्तूची जागा हाच तिचा अर्धा अर्थ असतो. नॉरफोकमधल्या होम-नेक्स्ट-द-सी इथे १९९८ मध्ये किनाऱ्यावर कांस्ययुगीन कुऱ्हाडीचे पाते सापडले आणि मग पीटमधून उघडे पडलेले ओकच्या ५५ खांबांचे वर्तुळ लक्षात आले. खांबांच्या वाढीच्या वलयांवरून ती झाडे ख्रिस्तपूर्व २०४९ मध्ये तोडल्याचे निश्चित झाले. हे सांगितले लाकडाने आणि थराने. एकटे पाते एवढे बोलू शकले नसते. त्याच परगण्यात हॅपिसबर्ग इथे २०१३ मध्ये उघड्या पडलेल्या गाळात आठ लाख वर्षांहून जुने मानवी पायांचे ठसे दिसले आणि काही दिवसांत लाटांनी ते नेले. तिथे धातूचा कणही नव्हता. डिटेक्टर तिथे मुकाच राहिला असता, फावडे मात्र राहिले नसते.

ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. लंडनच्या थेम्सकाठी चिखलात शोध घेणाऱ्यांना बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो, आणि साधा परवाना बराच काळ फक्त साडेसात सेंटिमीटरपर्यंतच खणू देत आला आहे. इंग्लंडमधल्या डिटेक्टरवाल्यांची स्वेच्छा आचारसंहिताही सांगते की नांगरटीने आधीच हललेल्या मातीतच काम करा, खालच्या अखंड थराला हात लावू नका. जे आचारसंहितेत आर्जवाच्या सुरात सांगितले जाते ते कायद्याच्या पहिल्या कलमात का नसावे, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे दिसलेले नाही.

सामान्य माणसाला थर ओळखता येईल का, हा आक्षेप वजनदार आहे. पण वाळू सैल असते, ओतली की घसरते. चिकणमाती आणि पीट रंगाने गडद, हाताला घट्ट, फावड्याला चिवट. नाण्याचे शतक ओळखण्यापेक्षा हे कितीतरी सोपे. शिवाय खोलीची मर्यादा घातली की ओळखण्याची गरजच कमी होते. सैल वाळूतल्या वस्तूही पुरावा असू शकतात, हा आक्षेप मी अर्धाच मान्य करतो: एकाच ठिकाणी वारंवार नाणी लागत असतील तर जवळ बुडालेले जहाज असू शकते. त्यावर उपाय नोंदीचा, मनाईचा नाही. इंग्लंड-वेल्सच्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमने १९९७ पासून पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदवल्या, त्यातला मोठा वाटा हौशी लोकांनी स्वतःहून आणून दाखवलेल्यांचा. एका ठिकाणी मात्र माझा फरक तोकडा पडतो. कोकणातल्या वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी भरतीरेषेच्या वरच्या सैल वाळूतच असतात. तिथे विणीच्या हंगामात स्वतंत्र मनाई हवीच. तिचा इतिहासाशी संबंध नाही, आणि ती इतिहासाच्या कायद्यात कोंबूही नये.

आपल्याकडे अजून १८७८ चा निखात निधी कायदा चालू आहे. मातीत दडलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे निधी, आणि तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे; न कळवल्यास वर्षापर्यंत कैद. ज्यांनी तो आपल्यासाठी केला त्यांनी स्वतःचा खजिन्याचा कायदा १९९६ मध्ये बदलला, आपण दहा रुपयेही बदललेले नाहीत. विसर्जनानंतर वाळूत राहिलेली सोनसाखळी आणि चौलच्या मातीतले प्राचीन नाणे हा कायदा एकाच मापाने मोजतो, आणि इतके अवास्तव माप कुणी पाळत नाही. दहाचे दहा हजार करून हे सुटणार नाही. कोकणात पावसाळी समुद्र वाळू ओढून नेतो आणि पुढचे काही महिने ती परत आणून टाकतो. चौल-रेवदंड्यासारख्या जुन्या बंदरांच्या काठी वाळू हटून खालची माती उघडी पडेल तिथे तेवढ्या महिन्यांपुरती खणायला मनाई, आणि एरवी सैल वाळूत वीतभर खोलीची मुभा, असा नियम लिहायला कुठल्याही वस्तूचे वय माहीत असावे लागत नाही.