केन्याचे चार दाणे

वाशी तालुक्यातील काळ्या रानात मृगाचा पाऊस पडून वाफसा आला, की पेरलेल्या पिकाच्या आधी जे हिरवे दिसू लागते त्यात केना हमखास असतो. रुंद, किंचित लवदार पाने, जमिनीलगत पसरणारी रसदार कांडी आणि सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटून जाणारे निळे फूल. पावसाळ्यात भाजी विकत घेण्याची ज्यांची ऐपत नसते, त्यांच्या घरी केना-कुर्डूची चव ठाऊक असते. बाकी सर्वांच्या लेखी ते तण. कोळप्याने तोडावे, तर तुटलेल्या कांड्यांना मुळे फुटून एकाचे चार होतात. खुरपून बांधावर टाकावे, तर ओल असेपर्यंत ते जिवंत राहते. खुरपायला जाणाऱ्या बायकांच्या कित्येक पिढ्यांची कंबर या तणाने वाकविली आहे, आणि तरीही ते संपलेले नाही. ते का संपत नाही, याचे एक उत्तर वनस्पतिशास्त्राने दिले आहे. त्या उत्तरातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि तोच या लेखाचा विषय आहे.

केना दोन ठिकाणी फुलतो. जमिनीवरचे निळे फूल सर्वांच्या ओळखीचे आहे. परंतु मातीखाली त्याच झाडाला पांढुरके कोंब फुटतात आणि त्यांवर दुसरी फुले धरतात. ती कधीच उमलत नाहीत. मिटलेल्या अवस्थेतच त्यांचे परागीकरण होते आणि मातीतल्या मातीत बी तयार होते. वरच्या बोंडात साधारणतः पाच दाणे असतात, एक मोठा व चार लहान. खालच्या बोंडात तीन, एक मोठा व दोन लहान. म्हणजे एकाच झाडाच्या पोटी चार प्रकारचे दाणे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये वॉकर आणि इव्हेन्सन या दोघांनी हे चारही प्रकार वेगळे करून उगवून पाहिले आणि १९८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ताजे बी घेतले असता जमिनीखालच्या मोठ्या दाण्यांपैकी शंभरात नव्वदांच्या आसपास लगेच उगवले, खालच्या लहानांपैकी सुमारे तेहतीस, वरच्या मोठ्यांपैकी वीस ते पस्तीस. वरचे लहान दाणे मात्र शंभरात फार तर तीन उगवले. उरलेले सत्त्याण्णव मेलेले नव्हते. टरफलाला छेद दिला, तेव्हा चारही प्रकारांतील झाडून सारे दाणे उगवून आले.

असे करणारा केना एकटा नाही. अंगावरच्या कपड्यांना चिकटणारे गोखरूचे काटेरी बोंड फोडले, तर आत दोन बिया सापडतात. त्यांतली खालची बहुधा पहिल्याच हंगामात उगवते आणि वरची मागे राहते. ही वाट पाहणे किती काळ चालू शकते? अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील या प्राध्यापकांनी १८७९ मध्ये तणांचे बी बाटल्यांत भरून जमिनीत पुरून ठेवले. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरावी, असा तो प्रयोग होता. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतील एका तणाचे काही दाणे १४२ वर्षांनंतर उगवले! प्रयोग सुरू करणारे बीलसाहेब तोवर कधीच मातीआड झाले होते.

येथे आपण ‘वाट पाहणे’ हा शब्द वापरला. तो कितपत खरा आहे? दाण्याला मन नाही, उद्याची कल्पना नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी यासाठी बाणाचे उदाहरण घेतले आहे. बाणाला लक्ष्य ठाऊक नसते, तरी तो लक्ष्याकडे जातो, कारण तिरंदाजाला ते ठाऊक असते. बुद्धी नसलेल्या वस्तूही हेतू असल्याप्रमाणे वागतात, यावरून त्यांनी सृष्टीमागील नियंत्याचा विचार मांडला. आजचा जीवशास्त्रज्ञ त्या जागी लक्षावधी पिढ्यांची निवड ठेवील. त्या वादात आपण येथे शिरत नाही. दोघेही मान्य करतील ते एवढेच, की दूरदृष्टी दाण्याची स्वतःची नव्हे. म्हणून केन्याला शहाणा म्हणून गौरविण्यात अर्थ नाही आणि हट्टी म्हणून शिव्या देण्यातही नाही.

ही दूरदृष्टी कशात आहे, हे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये गणिताने दाखविले. पाऊस बेभरवशाचा असलेल्या मुलखात एखाद्या झाडाचे सगळे बी एकाच सरीने उगवले, तर चांगल्या वर्षी त्याची भरभराट होईल. परंतु पिढ्यांचा हिशेब गुणाकाराचा असतो. पाच वर्षे दसपटीने वाढ झाली आणि सहाव्या वर्षी कोवळी रोपे करपून गेली, तर गुणाकारात शून्य आले आणि मागचे सारे त्यात बुडाले. ज्याचे काही बी मातीत निजलेले आहे, त्याच्या हिशेबात शून्य येत नाही. चांगल्या वर्षी त्याला थोडा तोटा होतो, वाईट वर्षी ते नाहीसे होत नाही. बालाघाटच्या पठारावर, जेथे मृग बरसतो आणि मग तीन-तीन आठवडे आभाळ कोरडे राहते, तेथे या गणिताचा अर्थ शिकलेल्या-न शिकलेल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

पिकांचे तसे नाही. सोयाबीनचा जंगली पूर्वज अजून पूर्व आशियात आढळतो. त्याचे टरफल इतके कठीण असते, की पाणी आत शिरत नाही आणि दाणा मातीत पडून राहू शकतो. माणसाने पेरायला सुरुवात केली तेव्हा जे दाणे चटकन व एकदम उगवले, त्यांचेच पीक हाती आले आणि त्यातलेच बी पुन्हा पेरले गेले. असे शतकानुशतके चालले. आपल्याला ओळीत, एका दिवशी उगवणारे आज्ञाधारक पीक हवे होते आणि ते मिळाले. त्याची किंमत अधूनमधून दिसते. काढणीला आलेले पीक पावसात सापडले, की शेंगेतल्या शेंगेत कोंब फुटतात. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्याची उभी पिके पाण्याखाली गेली. अशा पाण्यात सोयाबीनला थांबता येत नाही, कारण थांबण्याची शक्ती आपणच त्याच्यातून काढून घेतली आहे.

मात्र ती शक्ती आपण फेकून दिली नव्हती. दाण्यातून काढून ती आपण घरात आणली. मराठवाड्यातील जुन्या गावांत जोंधळ्याची पेवे असत. जमिनीत खणलेल्या त्या खोल खड्ड्यांत धान्य ठेवून तोंड मातीने लिंपून टाकीत, आणि वाईट साल आले म्हणजे ते उघडीत. केन्याने आपले काही दाणे मातीखाली ठेवावेत आणि कुणब्यानेही ठेवावेत, हे साम्य विलक्षण आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा वाचकांना ठाऊकच आहे. सात सुबत्तेच्या वर्षांचे धान्य त्याने सात दुष्काळी वर्षांसाठी राखले. त्या कथेचा पुढचा भाग आपण प्रवचनांत सहसा ऐकत नाही. दुष्काळ वाढला, तेव्हा लोकांनी धान्यासाठी आधी पैसे दिले, मग गुरे दिली, मग जमिनी दिल्या आणि शेवटी ते स्वतः फारोचे दास झाले. राखलेले धान्य होते, म्हणून माणसे जगली, हे खरे. कोठाराची किल्ली कोणाच्या हाती होती, हेही तितकेच खरे.

वाशीच्या शेतकऱ्याचा प्रश्न हा किल्लीचाच प्रश्न आहे. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज सोयाबीन पेरू नका, असे कृषी विभाग आणि परभणीचे कृषी विद्यापीठ दर वर्षी बजावीत असते. सल्ला उत्तम आहे. परंतु पेरणीला एक पंधरवडा उशीर म्हणजे पुढची काढणी, रब्बीची ओल आणि देणेकऱ्याचा तगादा, सारेच पंधरवडाभर पुढे ढकलणे. ज्याच्या घरी दोन पिशव्या जास्तीच्या आहेत तो निम्मे रान आधी व निम्मे नंतर पेरून केन्याप्रमाणे वागू शकतो. ज्याने उसनवारीने एकच हंगाम उभा केला आहे, त्याला सगळे एकाच वाफशावर लावावे लागते. पावसाने ओढ दिली म्हणजे दुबार पेरणी. २०२० च्या खरिपात तर मराठवाड्यात पेरलेले सोयाबीनच ठिकठिकाणी उगवले नाही. तक्रारी इतक्या झाल्या, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्यांची दखल घेतली. तेव्हा ‘शेतकऱ्याने घाई केली’ असे म्हणणारे सुशिक्षित लोक जागोजाग भेटत होते. दूरदर्शीपणा हा सद्‌गुण आहे, यात शंका नाही. पण ज्याच्या गाठीशी दुसरा दाणा नाही, त्याच्या अंगी तो नाही म्हणून त्याला दोष देणे हे न्यायाला धरून नाही, असे मला वाटते.

येथवरचा भाग तुलनेने सोपा होता. यापुढचा तसा नाही.

बेभरवशाच्या मुलखातील कुटुंबेही आपली माणसे अशीच वाटून ठेवतात. एक मुलगा शेतावर, एक पुण्याला कारखान्यात, जमल्यास एक सैन्यात. एखादी मुलगी शाळेत आणि दुसरी धाकट्यांना सांभाळायला घरी. एक बुडाला तर दुसरा तारील, हा हिशेब कोहेन यांच्या गणिताइतकाच बिनचूक आहे, आणि १९७२ च्या दुष्काळापासून पुढच्या कित्येक कोरड्या वर्षांत या हिशेबानेच घरे तगली. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार भरल्या घरात बसून लिहिणाऱ्याला नाही.

तरी एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. दाण्याला थांबविणारे ते टरफल दाण्याच्या कोंबाचे नसते. ते आईच्या, म्हणजे मूळ झाडाच्या पेशींचे बनलेले असते. कोणी आधी उगवायचे आणि कोणी मातीत पडून राहायचे, यात मोठा वाटा झाडाचा असतो. केन्याच्या बाबतीत यात अन्याय नाही. अन्याय व्हायला ज्याच्यावर तो होतो असा कोणीतरी असावा लागतो, आणि केन्याच्या दाण्याला स्वतःचे असे जीवित नाही. तो वंशाचा एक अंश आहे. मुलाचे तसे नाही. ख्रिस्ती धर्मविचाराचा येथे आग्रह आहे, की प्रत्येक मूल नावाने हाक मारलेले आहे आणि ते दुसऱ्या कशाचे साधन नव्हे, आईबापांच्या उदरनिर्वाहाचेही नव्हे. वंश तगला म्हणून मागे ठेवलेल्या मुलीचा हिशेब चुकता होत नाही. तिचे आयुष्य एकदाच येते आणि त्याची बेरीज भावाच्या आयुष्यात करता येत नाही. क्वीन्सलँडच्या प्रयोगात टरफल छेदल्यावर शंभरातले शंभर उगवले, हे मला येथे आठवते. मागे राहिलेल्यांच्या कोंबात काही उणे नव्हते.

निदणाचा दाखला या संदर्भात पुष्कळांना सुचेल. सेवक उपटायला धावतात आणि धनी कापणीपर्यंत थांबायला सांगतो. परंतु तो दाखला शेतीचा सल्ला म्हणून घेऊ नये; केना कापणीपर्यंत ठेवणाऱ्याच्या हाती कापण्यासारखे काही उरणार नाही. शिवाय त्या दाखल्यातील निदण गव्हाबरोबर उगवणारे, गव्हासारखे दिसणारे आणि गव्हाच्या बियाण्यात मिसळूनच पुन्हा पेरले जाणारे तण असावे, असे अभ्यासक मानतात. त्याला उशीर करायचा नसतो, त्याला ओळखू यायचे नसते. केन्याची तऱ्हा अगदी निराळी. दाखल्यातून येथे घेण्यासारखे आहे ते धन्याचे एक कबूल करणे: आता निवड करायला गेलो, तर चुकीचे उपटले जाईल.

घरात मात्र निवड आधीच करावी लागते. या भागातून दर वर्षी पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जातात. काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात, काही आजीपाशी राहतात, काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते. दसऱ्याच्या सुमारास टोळ्या निघतात. कोणाला न्यायचे आणि कोणाला ठेवायचे, हे तोवर मोठ्या माणसांत ठरलेले असते. मुलांना ते बहुधा ट्रॅक्टर दाराशी उभा राहिल्यावर कळते.