कुणी न सांगितलेले काम

डिझाइनच्या शिक्षणात पहिली काही वर्षे आपल्याला दुसऱ्याचे ऐकायला शिकवले जाते. ग्राहकाला काय हवे, किती तारखेला हवे आणि त्यासाठी तो किती पैसे देणार, हे सारे एका कागदावर येते. त्याला ब्रीफ म्हणतात. ब्रीफ हातात असले की माणूस निम्मा निर्धास्त होतो. काम आवडो न आवडो, ते कुणाला तरी हवे आहे एवढे नक्की असते. मग शेवटच्या वर्षी एकाएकी सांगितले जाते, आता विषय तुम्हीच निवडा. आम्हा दोघींना तेव्हा आनंद झाला. तो आठवडाभर टिकला. त्यानंतर जो प्रश्न उभा राहिला तो चित्रकलेचा नव्हता, नीतीचा होता. जे काम कुणीच मागितलेले नाही, ते केले नाही तर आपण कुणाचे गुन्हेगार?

आम्ही निवडलेले काम असे. एकाच पाटीवर मराठी आणि उर्दू शेजारी-शेजारी आली तर दोन्ही अक्षरे एका घरातली दिसावीत. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दू राहू शकते असा निकाल दिला, तेव्हा ही कल्पना पक्की झाली. न्यायालयाने पाटी राहू दिली. ती नीट दिसावी हे काही न्यायालयाचे काम नव्हे. आजच्या अशा पाट्या पाहा. मराठी ठसठशीत बसलेली असते आणि उर्दू खाली कुठेतरी, उरलेल्या जागेत, संगणकात जे सापडले त्या टाइपात कोंबलेली. किंवा उर्दू मोहल्ल्यात याच्या उलट. आपल्या लग्नपत्रिकांचीही तीच गत. एका बाजूला नस्तालीकचा डौल आणि दुसऱ्या बाजूला मराठी मजकूर असा की जणू नोटीस छापली आहे.

अडचण खरी आहे. देवनागरी शिरोरेषेला लटकते, ओळ सरळ जाते. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे उतरत खाली येतो, म्हणून त्याला उंची जास्त लागते. नस्तालीकची मापे कलमाच्या टोकाने उमटणाऱ्या टिंबांत मोजतात. मराठीचे ल आणि श यांचेही स्वतःचे वळण आहे, हिंदीचे चालत नाही. शिवाय नस्तालीकमध्ये एकेका अक्षराचे रूप शेजारी कोण आहे त्यावर बदलते. मिर्झा अहमद जमील यांच्या हातून जे नूरी नस्तालीक तयार झाले आणि १९८१ साली पाकिस्तानातल्या ‘जंग’ दैनिकात वापरात आले, त्यासाठी अक्षरजोडण्यांचे हजारो तुकडे हाताने लिहावे लागले होते. त्याआधी उर्दू वर्तमानपत्रे कातिब रोज हाताने लिहीत. हे वाचल्यावर आमच्या सहा महिन्यांच्या तक्त्याकडे बघवेना.

हो, आम्ही तक्ता केला होता. आठवड्याचे काम, कुणी काय करायचे, कोणत्या तारखेला काय दाखवायचे. स्वतः निवडलेले काम कसे हाताळावे याचे सल्ले पुष्कळ मिळतात. लहान तुकडे करा, तारखा ठरवा, कुणाला तरी दाखवत राहा. हे सल्ले चुकीचे नाहीत. पण ते वेळेची व्यवस्था सांगतात आणि आमचा पेच वेळेचा नाही. ग्राहक बाहेरचा असतो तेव्हा तो काम आखडतो, एवढेच हवे म्हणतो. स्वतःच ग्राहक झाले की एक तर काम फुगत जाते, नाही तर तारीख पुढे सरकत जाते, आणि रागावणारे कुणीच नसते. वर आमच्यातल्या एकीच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे. तिचे अब्बा चिडून नव्हे, सरळच विचारतात, ‘‘बेटा, ह्याचे पैसे कोण देणार?’’ प्रश्न हलका नाही. त्याच तासांत ती पत्रिका आणि दुकानांची कार्डे करून दोन पैसे घरी देऊ शकली असती. स्वतःच्या आवडीचे काम हे नेहमीच कुणाच्या तरी वाट्याचे काढून घेतलेले असते, हे कलेबद्दल मोठमोठे बोलणारे फारसे सांगत नाहीत.

याच वेळी आमच्यात एक वाद झाला. आमच्यातली एक सोलापूरची, हनफी घरातली. दुसरी चिपळूणकडची, म्हणजे शाफई. नफ्ल रोजा कुणी सांगितलेला नसतो, आपल्या खुशीचा असतो. हनफी म्हणतात, खुशीने का होईना पण एकदा सुरू केलात की तो पुरा करणे वाजिब झाले, मोडलात तर कजा ठेवा. शाफई म्हणतात, पुरा करणे चांगलेच, पण खुशीचा होता, मोडला तर कजा बंधनकारक नाही. मात्र नफ्ल हज किंवा उमरा सुरू केला की तो पुरा करायचाच, असे शाफईसुद्धा मानतात. अक्षरांच्या कामाला फिकहचा नियम लावायचा नसतो हे आम्हालाही कळते. पण प्रश्न तोच होता आणि तो शेकडो वर्षांपूर्वी आमच्यापेक्षा बारकाईने कुणीतरी विचारून ठेवला होता. सुरुवात करणे हेच एक वचन असते का?

आमच्यातल्या शाफईने तय्यब मेहतांचे उदाहरण दिले. जे. जे. स्कूलमधून १९५२ साली बाहेर पडलेला हा चित्रकार मनासारखे न उतरलेले कॅन्व्हास नष्ट करी. त्याने कुणाचे वचन मोडले? उलट अपुरे काम जगासमोर न ठेवणे हीच त्याची नियत होती. हे आम्हा दोघींना पटले. पण मेहतांचे कॅन्व्हास त्यांचे एकट्याचे होते, आणि आमचे काम तोवर आमचे राहिले नव्हते.

कारण आम्ही सोलापुरात पाट्या रंगवणाऱ्या एका वृद्ध पेंटरचाचांकडे जाऊन आलो होतो. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्या हाताला काम नाही. मराठी आणि उर्दू दोन्ही ते ब्रशने लिहितात, आधी खडूची रेघ मारून. चार दुपारी त्यांनी आम्हाला दिल्या, जुने ब्रश काढले, थरथरत्या हाताने दोन्ही लिप्या लिहून दाखवल्या. पैसे घेतले नाहीत. निघताना एवढेच म्हणाले, ‘‘छपके आया तो मेरेकू एक कागज भेजना.’’ तेवढ्याने वाद मिटला. स्वतः निवडलेले काम पहिल्यांदा दुसऱ्याचा वेळ घेते त्या दिवशी ते खुशीचे राहत नाही, असे आम्हाला वाटते. बंधन विषयाशी नसते, सुरुवातीशीही नसते. ज्याची दुपार घेतली त्याच्याशी असते.

आणि त्यामुळेच काम लहान करण्याचे धैर्य आले. चाचांनी संपूर्ण टाइप मागितला नव्हता, एक कागद मागितला होता. आता आम्ही महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांची नावे दोन्ही लिप्यांत, एकेका पाटीवर, एवढेच करतो आहोत. त्यातली अकोला, नांदेड, लातूर, परभणी अशी १९ झाली आहेत. गडचिरोली वाटली त्यापेक्षा सोपी गेली.

धुळे आणि जळगाव अडून आहेत. उर्दूत ळ नाही. लिहिणारे तिथे ल लिहितात आणि वाचणारे समजून घेतात. त्यावर एखादी खूण देऊन वेगळे अक्षर करावे असे आमच्यातल्या एकीचे म्हणणे आहे, म्हणजे धुळ्याचा माणूस आपल्या गावाचे नाव उर्दूतही बरोबर वाचेल. दुसरी विचारते, लोकांच्या लिपीत अक्षर घालण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? दोन्ही पाट्या तूर्त ल घालून कच्च्या करून ठेवल्या आहेत. पुढच्या शुक्रवारी त्या घेऊन चाचांकडे जायचे आहे.