सेवा कुणाची, केर कुणाचा?



या वेळी लिहायची पाळी माझी आहे असं ताईंनी ग्रुपवर सांगितलं, तेव्हा वाटलं होतं नामस्मरणावर चार ओळी लिहाव्यात. पण मनात गेले वर्षभर एक गोष्ट टोचते आहे. ती लिहिल्याशिवाय दुसरं काही लिहिणं खोटं होईल. गोष्ट घरातली आहे आणि चूक माझी आहे, म्हणून सुनेला आधी वाचून दाखवली. ती म्हणाली, "पाठवा आई, काही हरकत नाही." म्हणून पाठवते आहे.

मागच्या गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही दहा-बारा जणी सत्संगाचा हॉल झाडायला गेलो होतो. जाळ्या काढल्या, सतरंज्या झटकल्या, फरशी धुतली, समया घासल्या. दोन तास कसे गेले कळलं नाही. कंबर दुखत होती, पण मन अगदी हलकं झालं होतं. सेवेचा आनंद म्हणतात तो हाच, असं म्हणत बाराच्या सुमारास घरी आले.

आणि घरात पाऊल टाकलं तर काय? दारापासून सोफ्यापर्यंत चिखलाच्या बुटांचे ठसे. सोफ्यावर नातवाचे मुरमुरे. सिंकमध्ये सकाळच्या पोह्यांच्या खरकट्या बशा, पलंगावर ओला टॉवेल. कामवाली बाई पेरणीसाठी गावी गेलेली होती. सूनबाई आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून कामात. ती पुण्याच्या कंपनीचं काम आमच्या इंदूरच्या घरातूनच करते. मुलगा सकाळी सातला पीथमपूरला निघतो तो रात्री आठला येतो.

मी यांना जरा मोठ्यानेच म्हटलं, "दिवसभर घरीच तर असते. एक झाडू फिरवायला काय होतं?"

खोलीचं दार उघडं होतं आणि तिचा माईक चालू होता. पलीकडे मीटिंगमधल्या आठ लोकांनी ते ऐकलं. त्यात मराठी कळणारे निम्मे तरी असतील. तिने एक क्षण माझ्याकडे पाहिलं, माईक बंद केला आणि दार लावून घेतलं. रात्री जेवताना नेहमीसारखी बोलली. भांडण नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला झाडूच्या आवाजाने मला जाग आली. खरं सांगते, मला बरं वाटलं. मनात म्हटलं, समजली. तिसऱ्या दिवशी तोच आवाज, चौथ्या दिवशीही तोच. पाचव्या दिवशी ती आंघोळीला गेली असताना नातवाची वही शोधायला मी तिच्या टेबलाशी गेले. तिथे तिच्या अक्षरात एक कागद होता. साडेचार केर, पाच फरशी, पावणेसहा डबे, साडेसहा नातवाची शाळेची तयारी, आठ कचरा गाडी, साडेआठ भांडी, मग साडेनऊपासून ऑफिस, दुपारी दीड वाजता जेवण आणि कपडे वाळत घालणे, पुन्हा ऑफिस, सात वाजता स्वयंपाक, साडेनऊ ओटा, दहा अभ्यास. शेवटी लिहिलं होतं, साडेअकरा झोप. मी बोटांवर मोजलं. पाच तास. त्या कागदावर घरातल्या दुसऱ्या कुणाचंही नाव नव्हतं. माझंही नव्हतं.

मी तिथेच खुर्चीवर बसले.

कारण तो कागद मी ओळखत होते. 24 वर्षांची असताना तो मीच मनातल्या मनात लिहिला होता. तत्त्वज्ञान विषय घेऊन बी.ए. केलं होतं, पुढे एम.ए.चा फॉर्म आणून ठेवला होता. सासूबाई वाईट नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "घर हीच आपली सेवा." त्या वाक्यापुढे बोलायला जागाच राहत नाही. फॉर्म कपाटात राहिला. आणि तीस वर्षांनी मी सुनेला तेच सांगितलं, फक्त गोड शब्दांत नाही, कडू शब्दांत.

तेव्हापासून मी एकाच प्रश्नाशी अडले होते. हॉलमध्ये मी झाडू मारते आणि घरात सून झाडू मारते. झाडू तोच, धूळ तीच, कंबर दुखते तीही तशीच. मग माझ्या वाट्याला आनंद आणि तिच्या वाट्याला तो कागद, असं का?

पहिल्यांदा वाटलं, भाव कमी पडतो. तिने घर हेच मंदिर मानलं तर तिलाही आनंद मिळेल. आपण प्रवचनात ऐकतो तेच की! पण जरा प्रामाणिकपणे पाहिलं तेव्हा दिसलं की फरक तिच्या भावात नव्हता. हॉलमध्ये मला कुणी लावलं नव्हतं, मी आपणहून गेले होते. दमले असते तर बसले असते, कुणी बोललं नसतं. शिवाय आम्ही दहा-बारा जणी होतो. घरी ती एकटी होती, न जाण्याची सोय नव्हती, आणि काम राहिलं तर बोलणी होती.

म्हणजे सेवा ही आपण स्वतः उचलायची वस्तू आहे, दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची नाही. मी झाडू उचलला तर ती माझी सेवा. मी तो सुनेच्या हातात दिला आणि "ही तुझी सेवा" म्हटलं, तर त्याला जुन्या मराठीत वेगळा शब्द आहे. वेठ. नाव बदलून वेठीची सेवा होत नाही.

आपल्या संतांकडे पाहा. गाडगेबाबा (1876–1956) गावात आले की आधी हातात खराटा घ्यायचे. गावचे रस्ते स्वतः झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. आधी झाडणं, मग सांगणं. मी उलटं केलं होतं. जनाबाईची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो. नामदेवांच्या घरात दळण-कांडण, झाडलोट करणारी ती दासी. पांडुरंग तिच्याकडे यायचा, तो काय करायला? "जने, हे काम म्हणजे तुझी भक्तीच आहे, आनंदाने कर" असा उपदेश करायला नाही. तो जात्याच्या खुंट्याला हात लावायला यायचा, केर भरायला यायचा. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. पण जनीच्या घरी देव कामाला येतो, याचा अर्थ माझ्या घरी कोण कामाला उठतं, हे कधी विचारलं नव्हतं.

आता कुणी वडीलधारे म्हणतील की संसारात असा हिशेब करू नये. हिशेब आला की प्रेम जातं. यांनीही मला हेच म्हटलं. मला ते अगदी चूक वाटत नाही. आईने लेकराच्या दुपट्यांचा हिशेब ठेवला नाही म्हणून तर आपण मोठे झालो. पण "हिशेब करू नये" हे कोण म्हणतंय ते पाहायला हवं. ज्याच्या वाट्याला काम आलंय त्याने म्हटलं तर ती त्याची उदारता. ज्याचं काम दुसरा करतोय त्याने म्हटलं तर ती निव्वळ सोय. आमच्या घरात ते वाक्य म्हणणारे आम्ही दोघं होतो, आणि आम्ही दोघंही रिकामे होतो. हे बँकेतून निवृत्त, मी दुपारी सिरियल पाहणारी.

दुसरं एक लक्षात आलं. "घरीच तर असते" यातला "घरी" हा शब्दच फसवा आहे. मुलगा पीथमपूरला असतो तेव्हा त्याला कुणी म्हणत नाही की मधल्या वेळात फरशी पूस. सून दहा पावलांवर असते म्हणून ती मोकळी आहे असं आपल्याला वाटतं. त्यातून ती आई. मूल रडलं की तिच्याकडे, कुरिअर आलं की तिच्याकडे, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या तरी तिनेच. डोळ्यांना दिसते ती घरात, पण त्या वेळी ती घरात नसते, कामावर असते.

मग आम्ही काय केलं ते सांगते. उपदेश म्हणून नाही, कुणाला उपयोग झाला तर व्हावा म्हणून.

मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "अगं, त्या दिवशी माझं चुकलं." तिला एवढंच पुरलं असतं, पण मला पुरलं नाही. संध्याकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना बसवलं आणि घरातली स्वच्छतेची कामं कागदावर लिहिली. लिहिताना आमचे हे म्हणाले, "एवढी असतात?" पंचेचाळीस माणसांची ब्रँच चालवलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं!

आमच्या इंदूरचंच उदाहरण डोळ्यांपुढे होतं. 2016 च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपलं शहर 25 व्या नंबरावर होतं, 2017 ला पहिलं आलं आणि मग वर्षानुवर्षं पहिलंच येत राहिलं. ते एखाद्या सफाई मित्राने दुप्पट झाडू मारला म्हणून नाही. कोपऱ्यावरच्या कचरापेट्या गेल्या, गाडी दारात येऊ लागली, आणि ओला-सुका वेगळा करायचं काम ज्याच्या घरचा कचरा त्याच्याकडे आलं. आधी आपण पेटीत टाकायचो आणि विसरायचो. घरात सून म्हणजे ती कोपऱ्यावरची पेटी झाली होती.

म्हणून पहिला नियम हाच ठेवला, जो करेल तो आवरेल. ज्याची बशी त्याने खरकटं काढून विसळून ठेवायची. बूट दाराबाहेर. ओला टॉवेल ज्याचा त्याने दोरीवर. नातू सात वर्षांचा आहे, पण मुरमुरे सांडले तर छोटा झाडू आणि सुपडी त्याच्या हातात. पहिले आठ दिवस त्याने केर सोफ्याखाली ढकलला, आता नीट भरतो.

सकाळचा केर मी काढते, बाई नसेल तेव्हा फरशी मुलगा रात्री पुसतो. कचरा वेगळा करून गाडीवर नेणं यांच्याकडे. संडास-बाथरूम रविवारी, एका रविवारी हे, एका रविवारी मुलगा. यावर बरेच दिवस तोंड वाकडं झालं, लपवत नाही. सूनबाईकडे ओटा आणि फ्रीज, तेही तिने स्वतः मागून घेतलं. ऑफिसच्या वेळात तिचं दार बंद असेल तर मिक्सर नाही, हाका नाहीत. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पंधरा मिनिटं सगळे मिळून आवरतात, मग आरती. तिची मीटिंग असेल तर तिच्याशिवाय आवरतो आणि तिच्याशिवाय आरती करतो. देव रागावलेला नाही.

दोन गोष्टींत मात्र ढिलाई नाही. पिण्याचं पाणी, ओटा, मोरी आणि संडास रोज स्वच्छ हवेत, कारण त्यावर घराची तब्येत आहे. खिडकीच्या गजावरची धूळ रविवारपर्यंत थांबू शकते. आधी मला उलटं वाटायचं. पाहुण्यांना दिसतं ते आधी. ती स्वच्छता कमी आणि मिरवणं जास्त होतं.

आणि हो, बाई गावाहून परत आली तेव्हा तिलाही आठवड्याची एक सुट्टी दिली, पगार न कापता. आमच्या घरचा केर ती काढते तेव्हा तिच्या घरचा कोण काढतं, असं सहज विचारलं. म्हणाली, "बेटी करती है, स्कूल से आके." बारा वर्षांची आहे. त्या उत्तरावर माझ्याकडे अजून पुरता तोडगा नाही. एक सुट्टी म्हणजे काही न्याय नव्हे, हे मला कळतं.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. मुलाने पुसलेली फरशी मला अजून चिकट वाटते. कधी कधी सगळे झोपल्यावर मी हळूच ओटा पुन्हा पुसते. एकदा सुनेने पाहिलं. हसून म्हणाली, "आई, ही सेवा की परीक्षा?" मी फडकं खाली ठेवलं.

यंदाच्या गुरुपौर्णिमेलाही आम्ही हॉल झाडायला जमलो. निघायच्या आधी मी घरात एकदा नजर फिरवली. सिंक रिकामं होतं, ते यांनी केलं होतं. सूनबाईचं दार बंद होतं, आतून तिच्या बोलण्याचा आवाज येत होता. मी चपला घातल्या आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

गुरुचरणी एवढंच मागणं आहे की "सेवा" हा शब्द माझ्या तोंडून निघण्याआधी माझ्या हातून निघावा. लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्यांनी सांभाळून घ्यावं. तुमच्या घरी ही कामं कशी वाटून घेता ते जरूर कळवा. विशेषतः पुरुष मंडळींनी. 😊

॥ श्री गुरुदेव ॥

— एक गुरुभगिनी, इंदूर