न दिलेलं घेणं

आपल्या पाच अणुव्रतांपैकी अचौर्य हे बहुतेकींना सगळ्यांत सोपं वाटतं. अहिंसेत पाणी गाळण्यापासून कंदमुळांपर्यंत शंभर अडचणी. सत्याचं निम्मं व्रत शेजारणीशी बोलतानाच सुटतं. परिग्रहाचं नाव तर साड्यांच्या कपाटासमोर उभं राहून काढूच नये. पण चोरी? आपण काही कुणाच्या घरात शिरत नाही, कुणाच्या पर्सला हात लावत नाही. तेव्हा हे व्रत आपोआप पाळलं जातं, असं आपण धरून चालतो.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात मात्र चोरीची व्याख्या घरफोडीवरून केलेली नाही. तिथला शब्द आहे अदत्त, म्हणजे न दिलेलं. मालकाला कळलं का, त्याचं किती नुकसान झालं, तो रडला का, यातलं काहीही त्या शब्दात नाही. प्रश्न एवढाच की ते तुला दिलं होतं का?

हा शब्द बेळगावच्या रस्त्यांना लावून बघायचा नाद मला गेली काही वर्षं लागला आहे. शहर स्मार्ट होऊ लागलं तेव्हापासून म्हणा ना! 2016 च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं, आणि पुढची कित्येक वर्षं आम्ही सगळ्या खोदलेल्या चरांच्या कडेकडेने साड्या सावरत मंदिरात गेलो.

आपण घरपट्टी भरतो. ती कशासाठी देतो? रस्ता, पाणी, गटार, दिवा यांसाठी. त्यापलीकडे आपण काही दिलेलं नाही. सहा इंच जाडीचा थर मोजमापाच्या पुस्तकात चढला आणि रस्त्यावर चारच इंच पडला, तर उरलेले दोन इंच कुणी कुणाला दिले होते? मालक पाच लाख आहेत म्हणून ते बेवारस होत नाहीत. तरी आपल्याला तसंच वाटतं. 'सरकारी पैसा' हा शब्द उच्चारताना 'कुणाचाच नाही तो पैसा' असा सूर आपसूक लागतो.

आता याच बायकांचं मंदिरातलं वागणं बघा. पूजेत वाहिलेल्या तांदळाचा एक दाणा साडीच्या निऱ्यांत अडकून घरी आला, तर आमच्या सासूबाई तो परत पाठवायच्या. निर्माल्य ते निर्माल्य. ते उपाध्ये नेतील, आपण खायचं नाही. हे कुणाला शिकवावं लागत नाही, तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे ज्याचा मालक डोळ्यांसमोर नाही अशा वस्तूला हात न लावण्याचं वळण आपल्याकडे आहे, आणि चांगलं पक्कं आहे. फक्त ते मंदिराच्या पायरीवर चपलांबरोबर मागे राहतं. देवाला वाहिलेल्या दाण्याची भीती वाटते, पाच लाख माणसांनी मिळून ठेवलेल्या पैशाची वाटत नाही. याचं कारण मला अजून समाधानकारक सापडलेलं नाही.

अचौर्याचे अतिचार सांगितले आहेत ते वाचताना तर एखाद्या जुन्या ऑडिटरचं टिपण वाचतेय असं वाटतं. मापात कमीजास्त करणं आहे, चांगल्या मालात हलका मिसळणं आहे. राज्याचा नियम मोडणं आहे. कर्नाटकात 1999 चा पारदर्शकतेचा कायदा आहे. ठराविक रकमेच्या वरच्या कामाला निविदा काढायलाच हवी. मग एकाच गटाराचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा त्या रकमेच्या खाली बसवायचा, की झालं. कायदा मोडलेला दिसत नाही आणि पाळलेलाही नसतो. विरुद्धराज्यातिक्रम म्हणजे काय हे पाठशाळेत मला नीट कळलं नव्हतं, ते इथं कळलं.

पण दोन अतिचार मला विशेष वाटतात. एक स्तेनप्रयोग, म्हणजे स्वतः चोरी न करता दुसऱ्याला तिकडे ढकलणं. दुसरा तदाहृतादान, म्हणजे चोरीचा माल माहीत असून घेणं. पहिल्यात टक्केवारी मागणारं टेबल येतं. दुसऱ्यात आपण येतो.

टेबलाविषयी बोलायचं तर आमच्या शहराला लागून असलेल्या हिंडलग्याची गोष्ट टाळता येत नाही. तिथल्या लक्ष्मी यात्रेआधी गावात रस्त्यांची कामं झाली, सुमारे चार कोटींची. ठेकेदाराच्या हातात लेखी कार्यादेश नव्हता, बिल निघेना, आणि चाळीस टक्के मागितले जात आहेत अशी त्याची तक्रार होती. 2022 च्या एप्रिलमध्ये त्या तरुण माणसाने आपलं जीवन संपवलं. ज्या मंत्र्यांवर आरोप झाला त्यांनी राजीनामा दिला. पुढे पोलिसांनी त्यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात दिला. खरं-खोटं ठरवणारी मी कोण! माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. यात्रेला येणाऱ्या पाहुण्यांसाठी चकचकीत रस्ता हवा होता तेव्हा कागद कुठे आहे असं कुणीच विचारलं नाही. आधी काम, मग कागद, हे सगळ्यांच्या सोयीचं होतं. ते अंगावर आलं एकाच घरावर.

दुसरी गोष्ट शहापूरची. बँक ऑफ इंडियाच्या कोपऱ्यापासून जुन्या पी. बी. रोडपर्यंत स्मार्ट सिटीतून रुंद रस्ता झाला. त्यात गेलेली एक खाजगी जागा रीतसर संपादनच केलेली नव्हती. मालक न्यायालयात गेला, भरपाईचा आकडा वीस कोटींवर पोचला, आणि 2024 मध्ये महापालिकेने जागाच परत देण्याचा मार्ग धरला. म्हणजे जनतेच्या पैशाने रस्ता केला आणि तो ज्याचा त्याला देण्याची वेळ आली. अदत्तादानाचं याहून सरळ उदाहरण पाठशाळेच्या बाईंनाही सुचलं नसतं. आणि गंमत बघा, इथं घेणारा कुणी चोर नव्हता, 'विकास' होता. चांगल्या कामासाठी न दिलेलं घेतलं तर ते चालतं का? माझं उत्तर नाही असं आहे. रस्ता सगळ्यांना हवा होता हे खरं, पण सगळ्यांना हवं असणं म्हणजे एकाने दिलेलं असणं नव्हे.

हे विचारायचं कुणी? स्मार्ट सिटीचं काम महापालिकेने नव्हे, वेगळ्या कंपनीने केलं. त्यात 2019 ला जुन्या सभागृहाची मुदत संपली. 2021 च्या सप्टेंबरात अठ्ठावन्न वॉर्डांची निवडणूक झाली, आणि महापौर मिळाला तो 2023 च्या फेब्रुवारीत. सगळ्यात जास्त खोदाई चालू असताना शहराला सभागृहच नव्हतं. लोकांनी निवडलेल्या खुर्च्या रिकाम्या आणि जेसीबी भरधाव.

आपल्याकडे पंचकल्याणकात सवाल होतात. ती पण बोलीच. माईकवर आकडा पुकारला जातो, सगळा मंडप ऐकतो, कुणी किती म्हटलं हे आजींनाही पाठ असतं. निविदा उलटी. पाकीट बंद, जो सगळ्यांत कमी म्हणेल त्याला काम. बंद असण्यात वाईट काही नाही. ठेकेदारांनी आपसात ठरवू नये म्हणूनच ते बंद. पण अंदाजपत्रकाच्या पंचवीस-तीस टक्के खाली जाऊन काम घेणारा तोटा कुठून भरून काढणार, हे भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. तो जुड्या लहान बांधतो. आमच्या नात्यातला एक मुलगा या धंद्यात आहे. मी त्याला छेडलं तर म्हणाला, "मामी, बिल आठ-आठ महिने अडकतं, व्याज माझं चालू राहतं. तुम्ही मला व्रताचं विचारता, मग बिल पास करणाऱ्याला कोण विचारणार?" त्याचं म्हणणं मी ऐकून घेतलं. पटलं निम्मंच. अनेकांतवाद म्हणजे प्रत्येकाची बाजू समजून घेणं हे कबूल, पण हल्ली त्याचा उपयोग कुठलीच बाजू न घेण्यासाठी होतो, ते मला रुचत नाही.

आता तदाहृतादान, म्हणजे आपण. गल्लीत पेव्हर्स बसले की आपण नगरसेवकाला नारळ देतो. कुणाच्या वॉर्डातले वळवून आणले हे विचारत नाही. समाजमंदिरासाठी निधी 'आणला' म्हणून शाल घालतो. आणि मंदिराचं दान? आशाधरांनी श्रावकाच्या गुणांची यादी न्यायाने मिळवलेल्या धनापासून सुरू केली, श्वेतांबरांत हेमचंद्राचार्यांनीही तसंच केलं. दान, पूजा, उपवास हे सगळं त्यानंतर. आपण मात्र धन कुठून आलं हे सोडून ते कुठं लागलं एवढंच फलकावर कोरतो.

मागच्या वर्षी आमच्या महिला मंडळात हा विषय खरोखरच निघाला. एका ठेकेदाराने मोठी रक्कम देऊ केली होती. त्याने केलेला रस्ता पहिल्या पावसाळ्यात उखडला होता. खरं तर देखभालीच्या मुदतीत तो दुरुस्त करून देणं त्याच्यावर बंधनकारक होतं, आणि तो झाला नव्हता. मी म्हटलं, आधी रस्ता करू दे, मग दान. एक अक्का म्हणाल्या, "दान नाकारलं तर त्याला पुण्याची संधीच मिळणार नाही." दुसरीने तोड काढली की वेदीच्या संगमरवराला नको, भोजनशाळेला चालेल. त्यावर बऱ्याच माना हलल्या. दगडाला जे चालत नाही ते ताटातल्या भाताला कसं चालतं, असं मी विचारलं. तेवढ्यात चहा आला.

रक्कम शेवटी भोजनशाळेलाच गेली. तो रस्ता कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करायचा होता आणि अनामत रक्कम परत दिली का, हे मी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून विचारलं आहे. अर्जावर माझ्याबरोबर आणखी तिघींच्या सह्या आहेत. त्यातली एक त्या अक्कांचीच.