हसून झाल्यावर

२०११ साली टिम टीबो हा डेन्व्हरचा अमेरिकन फुटबॉलपटू मैदानावर एक गुडघा टेकून प्रार्थना करी. पाहता पाहता लोक तशाच आविर्भावात आपली छायाचित्रे काढून इंटरनेटवर पाठवू लागले. गुडघा उरला, प्रार्थना गेली. त्याच वर्षी कोठेही पालथे ताठ पडून छायाचित्र काढण्याची टूम निघाली. तिच्यापायी ब्रिस्बेनमध्ये एक तरुण सज्जावरून पडून मरण पावला.

अशा वेडांवर ‘साउथ पार्क’ या अमेरिकन व्यंग्यचित्र मालिकेने मार्च २०१२ मध्ये एक भाग दाखविला. राष्ट्राध्यक्षपदासाठी इच्छुक असलेल्या रिपब्लिकन पुढाऱ्यांचा जाहीर वादविवाद चालू असतो. शाळकरी मुले त्यात घुसून आपला नवा अचरट चाळा करून दाखवितात. विनोद ओबडधोबड आहे, मुलाबाळांसह पाहावा असा तर मुळीच नाही. पण नेम अचूक लागतो.

मात्र हसणाऱ्या प्रेक्षकाचे काय? दुसऱ्याचा उथळपणा आपल्याला कळला, एवढ्यावरच तो स्वतःस गंभीर समजू लागतो. करांविषयी, युद्धाविषयी ते पुढारी काय म्हणत होते, हे त्यालाही ठाऊक नसते. मुले व्यासपीठावर आली, हे तेवढे आठवते.

उपहास आमोस संदेष्ट्यानेही केला. परंतु त्यात खोटी मापे होती, वेशीत नाकारलेला न्याय होता, पायतणाच्या मोलाने विकला जाणारा गरीब होता. ऐकणाऱ्या व्यापाऱ्याला घरी जाऊन स्वतःचा तराजू पाहावा लागे. दूरचित्रवाणीवरील व्यंग्य पाहून, वाचकहो, आपण शेवटचे काय तपासून पाहिले?